आर्क्टिक समुद्रातले फ्रँकलिन आणि मुंबईचे सागवान

अटलांटिक महासागरातून निघून कॅनडाच्या उत्तरेकडील गोठलेल्या बेटांमधून वाट काढत पॅसिफिक महासागरात उतरणारा जो सागरी मार्ग युरोपीय दर्यावर्दी तीनशेहून अधिक वर्षे शोधत होते, त्याला वायव्य मार्ग म्हणतात. १८१५ मध्ये नेपोलियनशी चाललेली युद्धे संपल्यावर ब्रिटिश आरमाराकडे अधिकारी पुष्कळ आणि काम थोडे अशी स्थिती झाली, आणि अर्ध्या पगारावर घरी बसलेल्या अनेकांना हा शोध बढतीचा व कीर्तीचा रस्ता वाटू लागला. सर जॉन फ्रँकलिन हे त्या पिढीचे सर्वांत ठळक उदाहरण होय.

१७८६ मध्ये जन्मलेले फ्रँकलिन किशोरवयातच आरमारात दाखल झाले, मॅथ्यू फ्लिंडर्स यांच्याबरोबर ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्याच्या पाहणीत राहिले आणि १८०५ च्या ट्रफल्गारच्या लढाईतही लढले. १८१९ ते १८२२ या काळातील त्यांच्या पहिल्या खुष्कीच्या मोहिमेत वीसपैकी अकरा जण दगावले. जे वाचले त्यांनी आपल्या मसाल्यातील दगडफुलाच्या जातकुळीतली खडकावरची वाढ खरवडून आणि बुटांचे चामडे उकळून दिवस काढले. या उपासमारीनेच फ्रँकलिन इंग्लंडमध्ये लोकप्रिय झाले, हे आज विचित्र वाटते, कारण नियोजनातील उणिवा त्या लोकप्रियतेखाली झाकल्या गेल्या.

१९ मे १८४५ रोजी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे घेऊन ते वायव्य मार्गाच्या शोधात पुन्हा निघाले. त्या समुद्रात शरद ऋतूपासून पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जहाज बर्फात अडकून राहते आणि हिवाळ्यात कित्येक आठवडे सूर्य उगवतच नाही, म्हणून तीन वर्षांचा शिधा, डब्यातील मांस आणि लिंबाचा रस बरोबर दिला होता. लिंबाचा रस स्कर्व्ही या रोगासाठी होता. क जीवनसत्त्वाच्या अभावी होणाऱ्या या रोगात हिरड्या सुजतात, दात हलतात आणि भरून आलेल्या जुन्या जखमाही पुन्हा उघडतात. साठवलेल्या रसाचा गुण काळानुसार कमी होतो, ही गोष्ट मात्र तेव्हा कोणास ठाऊक नव्हती.

१८४५ च्या जुलैअखेरीस देवमाशांची शिकार करणाऱ्या जहाजांना ते शेवटचे दिसले. १८५९ मध्ये किंग विल्यम बेटावरील दगडांच्या ढिगात एक छापील सरकारी नमुना सापडला. त्यावर मे १८४७ मध्ये सर्व कुशल असल्याचे लिहिले होते, आणि त्याच कागदाच्या समासात, कडेने फिरवत, एप्रिल १८४८ मधील दुसरी नोंद होती. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजी वारले, जहाजे सोडून द्यावी लागली आणि उरलेले १०५ जण दक्षिणेकडे पायी निघत आहेत, एवढे त्यावरून कळले. मोहिमेतील १२९ जणांपैकी एकही परतला नाही.

त्यांचा शोध दोन बाजूंनी झाला. पश्चिमेकडून, म्हणजे बेरिंगच्या सामुद्रधुनीच्या बाजूने, ‘प्लव्हर’ हे साठ्याचे जहाज ठेवले गेले आणि रोशफोर्ट मॅग्वायर यांच्या हाताखाली ते १८५२ ते १८५४ असे दोन हिवाळे पॉइंट बॅरोजवळ थांबले. त्या बाजूच्या शोधजहाजांना अन्नपुरवठा करण्यासाठी पॅसिफिकमधील आरमारी जहाजे अलास्काच्या पोर्ट क्लॅरन्स बंदरापर्यंत जात, आणि त्यांपैकी एक ‘ट्रिंकोमाली’ हे जहाज मुंबईच्या गोदीत बांधलेले होते.

‘ट्रिंकोमाली’ ही फ्रिगेट, म्हणजे मुख्य तोफा एकाच सलग मजल्यावर असलेली वेगवान युद्धनौका. तिचे बांधकाम जमशेटजी बोमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली मे १८१६ मध्ये सुरू झाले. पारशी रिवाजानुसार तळाच्या मुख्य लाकडात चांदीचा खिळा ठोकला गेला आणि १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ती पाण्यात उतरली. ब्रिटनमध्ये ओक दुर्मिळ झाला होता, म्हणून मलबारचे सागवान वापरले. ओकमधील आम्लाने लोखंडी बोल्ट गंजतात, तर सागातील तेल लोखंडाला जपते व लाकडालाही कुजू देत नाही. या किनाऱ्यावर जहाजबांधणीचे ज्ञान त्याआधीही होते. उल्हास नदीच्या खाडीवरील कल्याण-भिवंडी शिवाजी महाराजांनी १६५७ मध्ये घेतल्यावर मराठा आरमाराची पहिली जहाजे याच परिसरात बांधली गेली.

उत्तरेच्या शोधांचा इतिहास लिहिताना सेनापतींची चरित्रे पुरेशी नाहीत, असे या प्रकरणावरून ठामपणे म्हणावे लागते. फ्रँकलिनच्या लोकांची उपासमार आणि मृत्यू यांची हकीकत इनुइट लोकांनी सांगितली होती. १८५४ मध्ये डॉ. जॉन रे यांनी ती लंडनला पोहोचवली, तेव्हा प्रतिष्ठितांनी ती धुडकावली, आणि पुढे सापडलेल्या हाडांनी ती खरी ठरवली. ‘एरेबस’ २०१४ मध्ये आणि ‘टेरर’ २०१६ मध्ये समुद्रतळाशी सापडली, त्यातही इनुइटांच्या माहितीचा मोठा वाटा होता. साग कापणारे, तासणारे आणि सांधणारे मुंबईचे सुतार मात्र अजून नावानिशी नोंदले जायचे आहेत. त्यांनी बांधलेली ‘ट्रिंकोमाली’ आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगत्या स्थितीत जतन केलेली असून ती लोकांना पाहता येते, आणि तिच्या सांगाड्यातील बरेचसे लाकूड अजूनही मुंबईच्या गोदीत बसवलेले तेच सागवान आहे.