स्पीकरमधली घूंऽऽ आणि थ्री पिनची मोठी पिन



लॅपटॉपवरची कविता मोठ्या स्पीकरवर लावावी, तर कवितेआधी स्पीकरच गायला लागतो, घूंऽऽऽ! आमच्या वाशीत अशा वेळी एक सल्ला हमखास मिळतो, "सर, थ्री पिनची ती मोठी पिन काढून टाका, आवाज बंद!" मीही एकदा ऐकलं आणि आवाज खरंच बंद झाला. पण हा उपाय जिवावर बेतणारा आहे. का, ते समजून घेऊ.

घरघर येते कुठून?

घरातली वीज २३० व्होल्टची, सेकंदाला ५० आवर्तनं करणारी. स्पीकरमधली घूं बहुतेक वेळा हीच ५० किंवा दुप्पट, म्हणजे १०० हर्ट्झची असते. लॅपटॉपचा चार्जर एका भिंतीवर, अॅम्प्लिफायर दुसऱ्या भिंतीवर. दोघांचं अर्थिंग वेगळ्या वाटेनं येतं आणि मध्ये ऑडिओ केबलची जाळी दोघांना जोडते. झालं, तारेचं मोठं वेटोळं तयार! विजेच्या वायरींभोवतीचं बदलतं चुंबकीय क्षेत्र या वेटोळ्यात बारीकशी धारा निर्माण करतं. दहावीला 'विद्युतधारेचे परिणाम' शिकवताना आपण हेच प्रवर्तन सांगतो. अॅम्प्लिफायर बिचारा तिलाही गाणं समजून मोठं करतो.

दोष कसा शोधाल?

१. आवाज कमी करून अॅम्प्लिफायरची ऑडिओ केबल काढा. घरघर चालूच राहिली, तर दोष आतला. बहुधा जुना कपॅसिटर. मेकॅनिककडे न्या, स्वतः उघडू नका. बंद केल्यावरही त्यात वीज साठलेली असते.

२. थांबली, तर केबल पुन्हा जोडा आणि लॅपटॉपचा चार्जर काढा. बॅटरीवर शांत झाला, तर वेटोळं सापडलं! दोन्ही प्लग एकाच एक्स्टेंशन बोर्डात लावा. तरीही उरली, तर ऑडिओ केबलमध्ये ग्राउंड लूप आयसोलेटर बसवा. त्यातल्या छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून आवाज पुढे जातो, पण तारांची थेट जोडणी तुटते.

३. टीव्ही जोडलेला असेल, तर त्याची अँटेनाची गोल वायर काढून पाहा. वेटोळं तिथूनही येतं.

४. ऑडिओ केबल विजेच्या वायरीला समांतर नको. ओलांडायचीच तर काटकोनात. मोबाईल अॅम्प्लिफायरवर ठेवू नका.

आणि ती मोठी पिन?

ती मुद्दामच लांब असते. प्लग लावताना अर्थिंग सर्वांत आधी जोडलं जावं, काढताना सर्वांत शेवटी सुटावं, म्हणून. आत फेजची वायर पत्र्याच्या पेटीला टेकली, तर वीज अर्थिंगवाटे जाते आणि फ्यूज उडतो. पिनच नसेल, तर पेटीला हात लावणारं लेकरू ती वाट बनतं.

आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन भेगाळते. माती वाळली की तिचा रोध वाढतो आणि अर्थिंग कमजोर पडतं. मीठ-कोळशाचा खड्डा असेल, तर त्यात अधूनमधून पाणी ओता आणि वायरमनकडून अर्थिंग तपासून घ्या.

हा शोध मुलांना सोबत घेऊन करा. प्लग मोठ्यांनी हाताळावेत, नोंदी मुलांनी कराव्यात. नियम एकच, एका वेळी एकच बदल. मी तो पिन काढलेला प्लग त्याच दिवशी बदलला. तुमच्या घरात, शाळेत असा प्लग आहे का, आजच बघा!