विकास योजनेची मंजुरी आणि ‘सारभूत’ हा शब्द : मुंबईचे उदाहरण

शहराची विकास योजना महापालिका तयार करते आणि राज्य शासन तिला मंजुरी देते, एवढे विधान सामान्यतः पुरेसे समजले जाते. त्यातील ‘मंजुरी’ हा शब्द मात्र फसवा आहे. व्यवहारात मंजुरी म्हणजे दुसऱ्याने पुरे केलेल्या कामावर उमटविलेला शिक्का. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६ याच्या कलम ३१ मध्ये या एका शब्दाच्या पोटात चार निरनिराळ्या क्रिया सामावलेल्या आहेत : योजना आहे तशी मान्य करणे, फेरबदलांसह मान्य करणे, सुधारणेसाठी परत पाठविणे आणि मान्यता नाकारून नवी योजना करावयास सांगणे. या तपासणीचे खरे मर्म दुसऱ्या क्रियेत आहे. कारण तेथे शासन परीक्षकाच्या आसनावरून उठून लेखकाच्या शेजारी येऊन बसते.

मुंबईची तिसरी विकास योजना या दृष्टीने अभ्यसनीय आहे. पहिली योजना १९६० नंतरच्या दशकात आणि दुसरी १९९१ ते १९९४ या काळात भागाभागाने मंजूर झाली होती. २०३४ सालापर्यंतच्या तिसऱ्या योजनेचे प्रारूप फेब्रुवारी २०१५ मध्ये प्रसिद्ध होताच त्यावर चोहोकडून टीका झाली आणि एप्रिलमध्ये शासनाने त्याच्या फेररचनेचा आदेश दिला. म्हणजे कायद्याने ठरविलेली तपासणीची पायरी येण्यापूर्वीच शासनाचा हात योजनेस लागला होता. सुधारित प्रारूप मे २०१६ मध्ये लोकांपुढे आले; हरकतींची सुनावणी नियोजन समितीपुढे झाली; जुलै २०१७ च्या अखेरीस महापालिकेच्या सभेने अनेक दुरुस्त्यांसह ते स्वीकारले; आणि मे २०१८ मध्ये शासनाची मंजुरी मिळून १ सप्टेंबर २०१८ पासून योजनेचा अंमल सुरू झाला. तथापि ही मंजुरी संपूर्ण योजनेस नव्हती. काही भाग तीतून वगळण्यात आले आणि त्यांचा निर्णय पुढे टप्प्याटप्प्याने झाला.

हे भाग का वगळले गेले? शासनाला जे फेरबदल करावयाचे होते, त्यांपैकी काही ‘सारभूत स्वरूपाचे’ होते. फेरबदल सारभूत असेल, तर शासनाने राजपत्रात व स्थानिक वृत्तपत्रांत सूचना प्रसिद्ध करून लोकांच्या हरकती पुन्हा मागविल्या पाहिजेत, असे बंधन कलम ३१ घालते. सारभूत नसेल, तर असे बंधन नाही. तेव्हा नागरिकाला दुसऱ्यांदा बोलावयास मिळावयाचे की नाही, हे या एका विशेषणावर अवलंबून आहे.

बोलीत ‘सारभूत’ म्हणजे ज्यात वस्तूचे सार आहे ते. हा गुणवाचक शब्द होय. पुढे दुरुस्तीने दाखल झालेल्या कलम २२-अ ने त्याला संख्यावाचक करून टाकले. सार्वजनिक सुविधांचे क्षेत्र एखाद्या नियोजन विभागात दहा टक्क्यांहून अधिक घटणे, जमिनीचा वापर बदलल्याने दुसऱ्या वापरविभागाचे क्षेत्र दहा टक्क्यांनी वाढणे, चटईक्षेत्र निर्देशांकात दहा टक्क्यांपलीकडे बदल होणे, अशा मापांनी सार मोजले जाते. (जमिनीवरील बांधकामाच्या मापाला मराठीने ‘चटई’ द्यावी, हेही गमतीचेच.) अशा मापाचा लाभ उघड आहे : मापावाचून प्रत्येक बदल न्यायालयात गेला असता. पण त्याची उणीवही तेवढीच उघड आहे. बोंबील सुकविण्याच्या वलांड्या ज्या मैदानावर उभ्या राहतात, ते मैदान विस्तृत नियोजन विभागाच्या मानाने लहानच असावयाचे. ते निवासी विभागात घातले, तर त्या विभागाचे क्षेत्र दहा टक्क्यांनी वाढण्याचा संभव नाही. टक्केवारीच्या हिशेबात हा बदल किरकोळ ठरतो. कोळीवाड्याच्या दृष्टीने मात्र त्यात वस्तीचे सार आहे. वर्षातील पुष्कळ काळ अशी जागा मोकळी दिसते, आणि मोजणीदाराच्या डोळ्याला मोकळी व रिकामी यांतील भेद दिसेलच असे नाही.

सागरतीरावरील शहरात हा प्रश्न आणखी गुंततो, कारण तेथे राज्य शासनाचा शब्द अखेरचा नसतो. किनारा नियमन क्षेत्राची पहिली अधिसूचना केंद्र सरकारने १९९१ मध्ये काढली. तिच्या जागी २०११ ची व मग २०१९ ची अधिसूचना आली. विकास योजनेत निवासी म्हणून रंगविलेली जमीन किनारा नियमनाच्या रेषेआड येत असेल, तर केवळ त्या रंगाच्या बळावर तेथे बांधता येत नाही. येथवर केंद्राचे बंधन योजनेच्या वर आहे असे दिसते. परंतु २०११ च्या अधिसूचनेतील बृहन्मुंबईविषयीची तरतूद पाहिली, तर नाते उलटे झालेले आढळते. १९८१ च्या विकास योजनेत किंवा महाराष्ट्र शासनाच्या संबंधित दप्तरात कोळीवाडे म्हणून नोंदलेल्या वस्त्यांची मोजणी करून त्यांना किनारा नियमनाच्या तिसऱ्या वर्गात घालावे, आणि तेथील घरांचे बांधकाम व पुनर्बांधणी स्थानिक नगररचनेच्या नियमांनुसार व्हावी, असे ती सांगते. म्हणजे केंद्राची सवलत मिळण्यासाठी राज्याच्या कागदावर ‘कोळीवाडा’ हा शब्द आधी लिहिलेला असावा लागतो. जी वस्ती त्या कागदावर केवळ ‘झोपडपट्टी’ म्हणून नोंदली गेली, तिला आपण कोळीवाडा आहोत हे आधी सिद्ध करावे लागते. कोळीवाड्यांच्या व गावठाणांच्या हद्दी ठरविण्याचे काम तर २०१८ च्या मंजुरीनंतरही चालूच राहिले होते.