रंगाचा हात कुणाचा?

जुना फ्लॅट, भिंतीतली कपाटं आणि त्यांच्यावरचा तो कळकट ब्राऊन ऑइल पेंट! नवं फर्निचर करावं म्हटलं तर ईएमआय आडवा येतो. मग डोक्यात येतं, नुसती रंगवून टाकली तर? आणि लगेच पुढचा प्रश्न. स्वतः रंगवायची, की पेंटरला बोलवायचं? दोन-चार व्हिडिओ बघितले की पहिलं उत्तर एकदम सोप्पं वाटायला लागतं. एक ब्रश, एक डबा, एक जुना टी-शर्ट आणि वीकेंड. हाय काय नि नाय काय!

थांबा मंडळी, आधी जरा हिशोब मांडू या.

सोळा त्रिक अठ्ठेचाळीस

आमच्या डोंबिवलीच्या घरातलं बेडरूमचं कपाट आठ दारांचं. प्रत्येक दाराला दोन बाजू, म्हणजे सोळा. त्यावर प्रायमरचा एक हात आणि रंगाचे दोन. झाले की अठ्ठेचाळीस! शिवाय दार आडवं ठेवून रंगवलं तर एका वेळी एकच बाजू होते, आणि ऑइल पेंटचा प्रत्येक हात रात्रभर तरी वाळू द्यावा लागतो. म्हणजे कमीत कमी सहा रात्री. शनिवार-रविवारचं गणित इथेच कोसळतं. बरं, हाताला कोरडा लागलेला रंग आतून पक्का व्हायला आठवडा, कधी त्याहून जास्त घेतो. तोवर कपाट गच्च बंद केलंत, तर दार चौकटीला चिकटलंच म्हणून समजा. पावसाळ्यात तर हे काम काढूच नका. दमट हवेत रंग वाळता वाळत नाही आणि लाकूडही फुगलेलं असतं.

रंग मारणं हा तसा मजेचा भाग. खरा घाम निघतो तो त्याआधी. बिजागऱ्या आणि हँडल्स काढायची, दारांना नंबर द्यायचे, भोकं लांबीनं भरायची, ती वाळली की घासायची. किचनमधली दारं तर आधी साबणाच्या पाण्यानं धुवायची, कारण त्यांच्यावर फोडणीचा चिकट थर असतो. तो तसाच ठेवून घासलात, तर तेल पृष्ठभागात आणखी मुरतं आणि नवा रंग धरत नाही.

आणि दारांना सनमायका असेल तर? गुळगुळीत सनमायकावर साधा प्रायमर टिकत नाही. त्याला वेगळा, चिकटून राहणारा प्रायमर लागतो. चकचकीत पीयू फिनिश हवं असेल, तर स्वतः करायचा विचार सोडाच. त्याला कॉम्प्रेसर, स्प्रे गन आणि धूळ नसलेली जागा लागते. ते काम वर्कशॉपचं.

खरी मेख धुळीत

आता थोडं सीरियस. पूर्वी रंग लवकर वाळावा, चमक टिकावी म्हणून ऑइल पेंटमध्ये शिशाची संयुगं सर्रास वापरत. आपल्याकडे घरगुती रंगांत शिसं ९० पीपीएमपेक्षा जास्त असू नये, हा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधी रंगवलेल्या कपाटात शिसं असू शकतं. भिंतीवर गप्प बसलेला रंग फारसा त्रास देत नाही. पण कोरड्या सँड पेपरनं घासला की त्याची बारीक धूळ घरभर होते. रांगणारी मुलं जमिनीवर हात टेकतात आणि तेच हात तोंडात घालतात. शिशामुळे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम होतो, आणि त्याची सुरक्षित मानावी अशी कुठलीही पातळी माहीत नाही, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते.

आमच्या घरी दादा-वहिनींची दोन वर्षांची लेक आहे, आणि कपाटाचा रंग माझ्याहून वयानं मोठा. त्यामुळे ‘पैसे किती वाचतील’ हा प्रश्न माझ्यासाठी दुसऱ्या नंबरवर गेला.

उपाय आहेत, आणि ते अवघड नाहीत. जुना रंग घट्ट असेल तर तो पूर्ण खरवडायची गरजच नसते. वॉटर पेपर ओला करून चमक जाईपर्यंत हलकं घासायचं, लगेच पुसायचं. बत्तीनं रंग जाळायचा नाही. झाडू नाही, ओलं फडकं. चेहऱ्यावर रुमाल नाही, एन-९५ मास्क. आणि काम संपून घर पुसून होईपर्यंत मुलं आजीकडे!

मग शेवटी कोण?

मी काम वाटून टाकलं. बिजागऱ्या काढणं, नंबर घालणं, धुणं आणि आतल्या नव्या, कधीच न रंगवलेल्या फळ्या रंगवणं माझ्याकडे. जुना रंग घासणं आणि दारांचे हात पेंटरकाकांकडे. त्यांचा ब्रश एका दमात वरून खाली येतो, ओघळ नाही की रेघ नाही. हा सफाईदारपणा यायला वर्षं जातात, आणि मजुरी आपण त्याचीच देतो.

तुमचं कपाट छोटं असेल, रंग नवा असेल आणि हाताशी दोन आठवडे असतील, तर बिनधास्त स्वतः करा. मोठं काम, जुना रंग किंवा स्प्रे फिनिश असेल, तर कारागीर बोलवा. पण भाव ठरवताना ‘किती हात मारणार, मध्ये घासणार का, लांबी धरली आहे का’ हेही विचारा. आणि ओल्या घासाईला जास्त वेळ लागतो, म्हणून त्याचे पैसे वेगळे धरा.

एक मात्र विसरू नका. पेंटर बोलावला म्हणून धूळ नाहीशी होत नाही, ती फक्त आपल्याऐवजी त्याच्या छातीत जाते. त्याच्याकडे मास्क असेलच असं नाही. रंगाच्या डब्यासोबत दुकानातून मास्कचं पाकीटही आपणच आणायचं.