भरवसा असलेल्या माणसालाही काळजी वाटते

घरात कुणी मोठ्या दुखण्याने पडलं, पाऊस लांबला, नोकरी गेली, की भेटायला येणारे निघताना सांगून जातात : काळजी करू नका, देवावर सोडा. सांगणाऱ्याच्या मनात मायाच असते. पण ऐकणारा रात्री अंथरुणाला पाठ टेकतो तेव्हा छातीत धडधडतं, डोळ्याला डोळा लागत नाही. मग त्याला आणखी एक घोर लागतो : आपली श्रद्धाच तर कमी पडत नाही ना? हा दुसरा घोर कधी कधी मूळ संकटापेक्षाही माणसाला जास्त पोखरतो, आणि तो निष्कारण असतो. देवावरचा भरवसा महाराष्ट्राने संतांकडून शिकला. त्या संतांनी काळजी झाकून ठेवायला कुठेच सांगितलेलं नाही. उलट त्यांनी ती देवासमोर उघडी करून ठेवली. तरीही काही समजुती आपल्याकडे घट्ट रुतून बसल्या आहेत. त्यांतल्या काही माणसाला नुसत्या दुखावत नाहीत, त्यांच्यापायी जीवही जातो.

गैरसमज : खऱ्या भक्ताला काळजी शिवत नाही.

वस्तुस्थिती : तुकोबांचं उदाहरण घ्या. देहूच्या मोरे घराण्यात विठ्ठलाची भक्ती पिढीजात होती. महाजनकी होती, दुकान होतं, सावकारी होती. घर खाऊनपिऊन सुखी होतं. मग आईवडील गेले, भावजय गेली, थोरला भाऊ सावजी घर सोडून तीर्थाटनाला निघून गेला. विशीच्या आसपासच्या पोरावर सगळ्या संसाराचा भार आला. त्यातच १६३० चा दुष्काळ पडला. गुजरात आणि दख्खन या दुष्काळाने उजाड झाले. शाहजहानच्या दरबारी इतिहासात त्याची नोंद आहे, पीटर मंडी या इंग्रज प्रवाशाच्या रोजनिशीतही आहे. गावंच्या गावं ओस पडली, रस्त्यांवर प्रेतांचे खच पडले. तुकोबांचा व्यापार बुडाला, गावात पत गेली. थोरली बायको रखमाबाई अन्नावाचून गेली. मुलगा संतू गेला.

यानंतरचा तुकोबांचा भरवसा कसा होता, ते गाथेत दिसतं. तिथे उलघाल आहे, भीती आहे, एकटेपण आहे. देवाशी रोखठोक भांडण आहे. तू खरंच आहेस का, असा सवाल आहे. एके ठिकाणी तर आपल्या लेखी आता देव उरलाच नाही, या टोकापर्यंत ते जातात. जनाबाई त्यांच्या तीनशे वर्षं आधीची. तिने विठ्ठलाला दिलेल्या शिव्या आजही भजनात म्हटल्या जातात. वारकऱ्यांनी हे अभंग बाजूला काढले नाहीत, सारवासारवही केली नाही. पिढ्यानपिढ्या ते टाळमृदंगावर, विठ्ठलाच्याच पुढ्यात गायले जातात. ज्या परंपरेने आपल्या सर्वांत मोठ्या संताची तगमग इतकी जपून ठेवली, त्या परंपरेत रात्री झोप न येणाऱ्या माणसाने शरमून जायचं काही कारण नाही.

काळजी वाटणं हे शरीराचंही काम आहे. धोका दिसला की मेंदू इशारा देतो, काळीज जोरात धडकू लागतं, स्नायू ताठ होतात, पोटात गोळा येतो. ही व्यवस्था माणसाला जगवण्यासाठी आहे. ती भाविकाला वेगळी आणि नास्तिकाला वेगळी मिळालेली नाही.

गैरसमज : देवावर सोडायचं म्हणजे आपण काही करायचं नाही.

वस्तुस्थिती : पुन्हा देहूकडेच येऊ. दुष्काळानंतर तुकोबा भंडाऱ्याच्या डोंगरावर जाऊन बसले, एवढंच आपण सांगत राहतो. पण डोंगरावरून उतरल्यावर त्यांनी काय केलं? घराण्याची सावकारी होती, त्यामुळे कर्जाची खतं घरात होती. त्यांतली निम्मी त्यांनी धाकट्या भावाला, कान्होबाला दिली. आपल्या वाट्याची इंद्रायणीत सोडून दिली. दुष्काळाने मोडलेली ती कुळं कर्जातून मोकळी झाली. मोडकळीला आलेलं विठ्ठलाचं देऊळ त्यांनी दुरुस्त केलं. जिजाबाई घर चालवत होतीच. तिचं नाव घेताना आपण तिचा तापट स्वभाव तेवढा सांगतो. पण ती उपाशी पोरांची काळजी करत होती, आणि तिची काळजीही त्या घराला जगवत होती.

मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची गोष्टही अशीच आहे. पंधराव्या शतकातली ही कथा घरोघर ठाऊक आहे : विठ्ठल विठू महाराचं रूप घेऊन बिदरच्या बादशहाकडे गेला आणि त्याने धान्याचे पैसे चुकते केले. आपण चमत्कार लक्षात ठेवतो. पण त्या कथेत देव येतो तो दामाजीपंतांनी सरकारी कोठारं खुली करून उपाशी लोकांना धान्य वाटून टाकल्यानंतर. स्वतःच्या मानेवर तलवार ओढवून घेण्याचं काम आधी माणसानेच केलं होतं. घरात बसून देव काहीतरी करील म्हणणाऱ्याची कथा महाराष्ट्राने जपलेली नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायातही श्रीकृष्ण अर्जुनाला सगळं सोडून मला शरण ये, शोक करू नकोस असं सांगतो. त्यानंतर अर्जुन शस्त्र ठेवून वनात जात नाही, तो उभा राहतो. शरण जाणं आणि कामाला लागणं या दोन्ही गोष्टी एकाच प्रसंगात घडतात. समर्थांच्या दासबोधात प्रयत्नावर किती जोर आहे, हे ज्याने तो ग्रंथ एकदा वाचला त्याला वेगळं सांगायला नको.

वारीला जाणाऱ्या शेतकऱ्यालाही हे पक्कं ठाऊक असतं. मृगाच्या पावसावर ज्याची पेरणी साधली, तो ती उरकून दिंडी गाठतो. ज्याची राहिली, तो मागे थांबतो किंवा रान भावाच्या, पोराच्या हवाली करून निघतो. बियाणं, खत, पीकविम्याची ३१ जुलैच्या आसपासची मुदत यांतलं काहीही तो विठ्ठलावर टाकत नाही. पाऊस मात्र त्याच्यावर टाकतो, कारण पाऊस आपल्या हातात नाही. भरवसा म्हणतात तो नेमका इथे सुरू होतो.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ केनेथ पार्गमेंट यांनी १९८८ मध्ये सहकाऱ्यांसह हीच गोष्ट तपासली. अडचणीत माणसं देवाशी तीन तऱ्हांनी वागतात, असं त्यांना दिसलं. काही जण देवाने आपल्याला बुद्धी दिली आहे, आता आपणच निस्तरायचं असं मानतात. काही जण सगळं त्याच्यावर टाकून वाट पाहतात. आणि काही जण देव आणि आपण मिळून मार्ग काढतो आहोत असं धरून चालतात. वाट पाहत बसणाऱ्यांचा स्वतःवरचा विश्वास खालावलेला आढळला. मिळून चालणाऱ्यांचा तो चांगला होता. हे वाचलं तेव्हा मला आपला पेरणी उरकून निघालेला वारकरीच आठवला.

गैरसमज : औषध घेतलं, डॉक्टर गाठला, म्हणजे देवावर विश्वास नाही.

वस्तुस्थिती : ही समजूत सर्वांत घातक. साप चावलेल्या माणसाला आधी मांत्रिकाकडे आणि मग दवाखान्यात नेल्याने किती जीव गेले असतील, कल्पना करवत नाही. महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यात साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला वैद्यकीय उपचारांपासून अडवून मंत्रतंत्र करणं हा गुन्हा ठरवला आहे. हा कायदा देवाच्या विरोधात नाही. पूजा, वारी, कीर्तन, नामस्मरण यांना त्याने हात लावलेला नाही.

आणि वारकरी संप्रदाय काय करतो ते २०२० मध्ये सगळ्यांनी पाहिलं. कोरोनाच्या साथीत पायी वारी थांबली. ज्ञानोबा-तुकोबांच्या पादुका एसटीच्या बसने पंढरपूरला गेल्या, सोबत मोजकीच माणसं. मार्चपासून दिवाळीच्या पाडव्यापर्यंत विठ्ठलाचं दर्शन बंद होतं. २०२१ मध्येही पादुका बसनेच गेल्या. वारी चुकवायची नाही हा ज्यांचा जन्माचा नेम, ती म्हातारी माणसं त्या आषाढीला घरी बसून रडली, पण बहुतेकांनी नियम पाळला. विठ्ठल आपल्याला वाचवील म्हणून लाखोंनी रस्त्यावर उतरण्यापेक्षा, एकमेकांचा जीव जपणं त्यांना भक्तीत बसणारं वाटलं. मला तरी तो भरवशाचा फार मोठा पुरावा वाटतो.

मुंबईत दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. टाटा रुग्णालयात कर्करोगावर उपचार घ्यायला गावोगावहून येणारे रुग्ण आणि त्यांची माणसं तिथे उतरतात. सकाळी देवाचं नाव घेऊन ती केमोथेरपीला जातात. त्यांना यात विसंगती दिसत नाही, कारण ती नाहीच.

जे कर्करोगाला लागू, तेच मनाच्या आजाराला. प्रसंगापुरती काळजी वेगळी आणि चिंतेचा आजार वेगळा. महिनोन्महिने, बहुतेक दिवस काळजी मनातून हटत नसेल, झोप उडाली असेल, अंग आखडत असेल, चिडचिड होत असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर तो आजार असू शकतो. त्यावर समुपदेशन आहे, औषधं आहेत. औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात, म्हणून चार दिवसांत ती सोडायची नसतात. बंगळुरूच्या निमहान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या राष्ट्रीय पाहणीत निरनिराळ्या मानसिक आजारांचे ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना असल्याचं आढळलं. दवाखाने आणि डॉक्टर अपुरे आहेत हे याचं एक कारण. पण लाज हेही मोठं कारण आहे, आणि श्रद्धा कमी पडते असं कुणी म्हणेल ही भीती त्या लाजेतच मोडते.

गैरसमज : भरवसा पक्का असला की मनासारखंच होतं.

वस्तुस्थिती : होतंच असं नाही. हार्वर्डचे हर्बर्ट बेन्सन यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात बायपास शस्त्रक्रिया झालेल्या १,८०२ रुग्णांचा समावेश होता. काहींसाठी अनोळखी लोकांनी प्रार्थना केली, काहींसाठी नाही. प्रार्थनेने गुंतागुंत कमी झालेली दिसली नाही. आपल्यासाठी नक्की प्रार्थना चालू आहे हे ज्यांना सांगितलं होतं, त्यांच्यात ती थोडी जास्तच आढळली. देवाला मोजमापात धरता येत नाही असं कुणी म्हणेल, आणि ते मला मान्य आहे. पण मग नवसाच्या हिशेबातही त्याला धरता येत नाही, हेही मान्य करावं लागतं.

प्रार्थनेचा उपयोग मात्र आहे, आणि तो प्रार्थना करणाऱ्याला होतो. इटलीच्या लुचियानो बर्नार्दी यांनी २००१ मध्ये दाखवलं की जपमाळेवर ख्रिस्ती प्रार्थना म्हणताना किंवा योगातला मंत्र जपताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो आणि हृदयाची लय सुधारते. दवाखान्याच्या बाकावर बसून पुटपुटलेला हरिपाठ रिपोर्ट बदलत नसेल. पण रिपोर्ट हातात घेणाऱ्या माणसाला तो स्थिर करतो, आणि पुढचा निर्णय त्याच माणसाला घ्यायचा असतो.

गैरसमज : संकट आलं, म्हणजे सेवेत काहीतरी चुकलं.

वस्तुस्थिती : चोखोबांची भक्ती कुठे कमी होती? मंगळवेढ्याला गावकुसाचं काम चालू असताना भिंत कोसळली आणि ते तिच्याखाली गेले. नामदेवांनी तिथे जाऊन त्यांच्या अस्थी वेचल्या आणि पंढरपूरच्या महाद्वारासमोर समाधी बांधली. चोखोबांचं काय चुकलं, असं त्यांनी विचारलं नाही. ज्याला जिवंतपणी देवळाची पायरी चढू दिली नाही, त्याच्या अस्थी त्यांनी विठ्ठलाच्या दारात आणून ठेवल्या.

देव आपल्याला शिक्षा करतो आहे, त्याने आपल्याला टाकलं आहे, ही समजूत माणसाला आतून मोडते. पार्गमेंट आणि सहकाऱ्यांनी रुग्णालयातल्या वयस्क रुग्णांचा दोन वर्षं पाठपुरावा करून २००१ मध्ये निष्कर्ष मांडले. या विचारात अडकलेल्यांचा मृत्यूचा धोका जास्त आढळला, आजाराची तीव्रता लक्षात घेतल्यानंतरही. म्हणून आजाऱ्याच्या उशाशी बसून काय पाप केलं होतं कोण जाणे, असं म्हणणाऱ्याला थांबवणं हे नातेवाइकांचं कर्तव्य आहे. थोरलं माणूस असलं तरी थांबवावं.

कीर्तनकार महाराजांना आणि गावोगावच्या भजनी मंडळांना माझी विनंती आहे. तुकोबांची गोष्ट सांगताना दुष्काळानंतरचे त्यांचे तगमगीचे अभंगही सांगा. समोर बसलेल्यांत ज्याला झोप येत नाही, ज्याचं कर्ज फिटत नाही, ज्याच्या घरात मोठं दुखणं आहे, असा कुणीतरी असतोच. काळजी वाटणं पाप नाही आणि मदत मागणं अश्रद्धा नाही, हे त्याने तुमच्या तोंडून ऐकलं तर डॉक्टरच्या शब्दाआधी त्याला ते पटेल. आणि कीर्तनात एक नंबर सांगा : १४४१६. केंद्र सरकारची ही टेलिमानस सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. ती मोफत आहे, दिवसरात्र मिळते, आणि तिथे मराठीत बोलता येतं.