घरातील सुया-सिरिंजची सुरक्षित विल्हेवाट
मधुमेहाचे अनेक रुग्ण घरीच इन्सुलिन टोचून घेतात. वापरलेली सुई मात्र बहुधा कचऱ्याच्या पिशवीत जाते आणि कचरावेचकांच्या हाताला टोचण्याची भीती निर्माण होते. ‘हेपेटायटिस बी’चा विषाणू शरीराबाहेर किमान ७ दिवस तग धरू शकतो, हे ध्यानात घेतल्यास या निष्काळजीपणाचे गांभीर्य कळते. केंद्र सरकारच्या २०१६ च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांनी अशा सुयांचा घरगुती घातक कचऱ्यात समावेश केला आणि दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र उभारण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर सोपवली. तिथे पोहोचवेपर्यंत सुया जाड प्लास्टिकच्या, घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवाव्यात. पाऊण भरताच डबा बंद करावा. सिरिंजच्या सुईला पुन्हा टोपण बसवू नये, त्या नादात अनेकदा स्वतःलाच इजा होते.