तेल गप्प होईपर्यंत

पहाटे साडेचारला भट्टी पेटली, तेव्हा कच्च्या केळ्यांचे घड भिंतीला टेकून उभे होते आणि शेडमध्ये चिकाचा तुरट वास भरला होता. त्रिशूर जिल्ह्यात वडक्कांचेरीच्या अलीकडे एका घराच्या परसात ही पत्र्याची शेड आहे. तिरुवोणम, म्हणजे ओणमचा मुख्य दिवस, दोन दिवसांवर आलेला. एरवी इथे तिघं काम करतात, पण चिंगम महिना लागला की शेजारपाजारच्या बायका येतात आणि रात्र-दिवस तळण चालतं. भट्टीच्या मालकांना सगळे चेट्टन म्हणतात. तरुणपणी काही वर्षं ते चेंबूरला वेफर्सच्या दुकानात होते, त्यामुळे त्यांच्या हिंदीवर माझं निभावलं.

त्यांनी माझ्या हातात एक केळं ठेवलं. जड, लांब, तीन ठळक कडांचं, टोकाला किंचित वाकलेलं. मी वसईची. हे केळं मी आजीच्या माळ्यावर पाहिलं होतं. आम्ही त्याला राजेळी म्हणतो आणि पिकल्यावर सोलून, उन्हात वाळवून त्याची सुकेळी करतो. इथे ते नेंद्रन. दक्षिण केरळात गेलात तर एत्तक्काय. कच्चं असताना ‘काय’, पिकलं की ‘पळम’. आपण कच्चं आणि पिकलं दोन्हींना केळंच म्हणतो. मल्याळममध्ये मात्र पिकण्याबरोबर शब्द बदलतो आणि स्वयंपाकघरात त्याचं कामही बदलतं.

सोलण्याचं काम एका बाईचं. तिला सगळे चेच्ची म्हणतात, म्हणजे ताई. साठीच्या पुढची, तळहाताला खोबरेल चोळून बसलेली. चीक लागला की नखं काळी पडतात आणि तो काळेपणा आठवडाभर जात नाही. बोट-दीड बोट लांबीच्या सुरीनं ती केळ्याच्या कडेवर उभी रेघ मारते, अंगठा आत सारते आणि जाड साल एका पट्टीत उलगडते. पिकलेल्या केळ्याची साल सुटते तशी ही सुटत नाही, ती सोडवावी लागते. मी सोललेल्या पहिल्या चार केळ्यांच्या गराला खड्डे पडले. चेच्चीनं ती चारही बाजूला काढून ठेवली. वाया जाणार नव्हती, दुपारच्या भाजीत जाणार होती. सालीही टोपलीत साठत होत्या. त्या बारीक चिरून, लाल चवळीबरोबर शिजवून, वर ओलं खोबरं घालून त्यांची तोरन होते. केळफुलाची तोरन, बुंध्यातल्या पांढऱ्या गाभ्याची तोरन, पानावर जेवण. या झाडाचं काय टाकतात, असं मी विचारलं तेव्हा चेच्चीला प्रश्नच समजला नाही.

सोललेली केळी हळदीच्या पाण्यात. तिथून थेट कढईवर.

थेट म्हणजे अगदी थेट. चेट्टन कढईच्या काठावर किसणीसारखी फळी धरतात आणि केळं तिच्यावर झरझर सरकवतात. चकत्या तेलातच पडतात, एकेक, सुट्या. आधी कापून ठेवल्या तर एकमेकींना चिकटतात. तेल खोबरेलच. दुसऱ्या तेलाची चव मल्याळी माणूस पहिल्या घासात ओळखतो, असं चेट्टन म्हणाले, आणि दिवसभर चाखत राहिल्यावर मलाही ते पटलं.

चकत्या पडल्या की तेल फेसाळून वर येतं आणि धो-धो पावसासारखा आवाज सुरू होतो. हा आवाज केळ्यातल्या पाण्याचा. पाणी वाफ होऊन बाहेर पडतं, तोवर तेल बोलत राहतं. अर्ध्यात आवाज जरा उतरला की चेट्टन मीठ-हळद विरघळवलेलं पाणी चमचाभर घेऊन उकळत्या तेलात टाकतात. मी दोन पावलं मागे सरले. कढई फुत्कारते, फेस काठापर्यंत चढतो, आणि मीठ सगळ्या चकत्यांना लागतं. वरून भुरभुरलेल्या मिठाला ती गोडी नाही. मग पुन्हा आवाज ओसरू लागतो. फेस विरळ होतो, झाऱ्यावर चकत्या वाळक्या पानांसारख्या वाजतात. कढईपाशी घड्याळ नाही. चेट्टन रंगाकडेही फारसं पाहत नाहीत, कारण हळदीमुळे रंग फसवतो. ते कान लावून उभे असतात.

इथे दुसरं केळं का चालत नाही, हेही त्या कानाशीच जोडलेलं आहे. नेंद्रनमध्ये पिठूळपणा जास्त, पाणी कमी. तेही पूर्ण भरलेलं पण जराही न पिकलेलं हवं. पिकू लागलं की पिठाची साखर होते, मग चकती तांबूस होते आणि मऊ पडते.

म्हणून घड रोज चाचपला जातो. आज हिरवा, तो तळणीला, एरिश्शेरीच्या भाजीला. पिवळा झाला की सकाळी वाफवून तांदळाच्या पुट्टूबरोबर, किंवा मैद्याच्या पिठात बुडवून तळलेली पळमपोरी. दह्या-खोबऱ्यातली पुळिश्शेरीही पिकल्या नेंद्रनचीच. साल काळी पडू लागली, गर मधासारखा झाला, की तो गुळात आटवायचा आणि नारळाचं दूध घालून प्रथमन करायचा. मलबारच्या मुसलमान घरांत वाफवलेलं नेंद्रन कुस्करून त्यात खोबऱ्या-काजूचं सारण भरतात. तळलेला तो पदार्थ सावरीच्या बोंडासारखा दिसतो आणि त्याचं नावही तेच, उन्नक्काय. इफ्तारच्या वेळी तो हवाच.

बाकीच्या जातींनाही आपापलं काम आहे. तान्ह्या बाळाला कुन्नन, वाळवून पूड करून शिजवलेली. देवळात कदळी. रोजच्या खाण्याला पाळयनकोडन, आंबटगोड. ञाळिपूवन लहान, पातळ सालीचं, फार गोड. तांबड्या सालीचं चेंकदळी दुकानात दोरीला टांगलेलं असतं. नाक्यावरच्या दुकानात पाच जातींचे घड पाहिले तेव्हा मला वसईचा बाजार आठवला. तिथे आता गाडीवर बहुतेक एकच जात असते, आणि राजेळीसाठी ओळखीच्या माणसाकडे जावं लागतं. याचं मला मनापासून वाईट वाटतं. इथे जाती टिकल्या, कारण त्या ज्यांना लागतात ते पदार्थ टिकले. एकीच्या जागी दुसरी चालवून घेत नाहीत.

दुपारी शर्करावरट्टी. यासाठी केळ्याचे जाड अर्धगोल तुकडे, मंद आचेवर बराच वेळ तळलेले, दगडासारखे कडक. गुळाचा पाक दोन बोटांत तार ओढेपर्यंत आटवला, त्यात तुकडे, वर सुंठ-जिऱ्याची पूड. मग दोघी जणी दोन बाजूंनी उलथनं चालवतात, गोळा सुटून तुकडा न तुकडा वेगळा होईपर्यंत. हात थांबवला तर सगळ्याची वडी होते. सद्येच्या, म्हणजे ओणमच्या मेजवानीच्या, पानाचं टोक जेवणाऱ्याच्या डाव्या हाताला येतं, आणि चकत्या व शर्करावरट्टी, या दोन्ही उप्पेरी तिथेच, पहिल्या वाढतात. भात येईपर्यंत मुलं त्यांच्यावरच असतात.

संध्याकाळी शेजारच्या शेतकऱ्यानं एक घड आणून दाखवला. चेंगळिकोडन, याच भागातलं भौगोलिक मानांकन मिळालेलं नेंद्रन. सोनेरी सालीवर तांबूस रेघा. वाढत असताना घडाभोवती वाळकी पानं बांधतात, वाऱ्यानं झाड आडवं होऊ नये म्हणून टेकू देतात, आणि उत्राडाला, म्हणजे तिरुवोणमच्या आदल्या दिवशी, निवडक घड गुरुवायूरला नेतात. देवळात ध्वजस्तंभापुढे ते वाहिले जातात. त्याला काळ्चक्कुला म्हणतात. शेतकऱ्यानं घड जमिनीवर ठेवला नाही, बोलणं होईपर्यंत खांद्यावरच ठेवला.

रात्री नऊच्या सुमारास चेट्टननी झारा माझ्या हातात दिला. चेच्ची शेजारी येऊन उभी राहिली. “कण्ण् अडय्क्क्, मोळे,” ती म्हणाली. डोळे मिट, पोरी. मी मिटले. पाऊस जोरात होता, मग मिठाच्या पाण्याचा फुत्कार, मग पुन्हा पाऊस, हळूहळू दूर जाणारा. खूपच कमी झाला तेव्हा मी झारा तेलात घातला. चेच्चीनं माझं मनगट धरून थांबवलं. तिच्या तळहाताला अजून खोबरेल होतं. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो, आणि मग तो शेवटचा बारीक चुरचुराटही थांबला. तिनं मनगट सोडलं.