तारकीय वातावरणातील प्रकाशशोषण

ताऱ्याच्या बाह्य थरांतील प्लाझ्मा आतून येणाऱ्या प्रकाशाचा काही भाग अडवून धरतो. या प्रक्रियेस तारकीय वातावरणातील प्रकाशशोषण असे म्हणतात. या अडवणुकीचे माप म्हणजे अपारदर्शकता. सूर्य संपूर्णपणे वायुरूप असूनही त्याची कडा रेखीव दिसते, कारण दीप्तिगोलात अवघ्या काही शे किलोमीटर खोलीत प्लाझ्मा पारदर्शकाचा अपारदर्शक होतो.

शोषणाचे प्रकार

अणूतील इलेक्ट्रॉन एका ऊर्जापातळीवरून वरच्या पातळीवर जाताना ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश शोषतो. त्यामुळे वर्णपटात काळ्या रेषा उमटतात. प्रकाशाने इलेक्ट्रॉन अणूतून सुटला, किंवा मुक्त इलेक्ट्रॉनाने आयनाजवळून जाताना प्रकाश शोषला, तर अखंड शोषण होते. अतितप्त ताऱ्यांत मुक्त इलेक्ट्रॉनांकडून होणारे प्रकीर्णनही महत्त्वाचे ठरते.

घनतेचा परिणाम

दाट प्लाझ्मात शेजारच्या आयनांच्या व इलेक्ट्रॉनांच्या विद्युतक्षेत्रांमुळे ऊर्जापातळ्या विचलित होतात आणि रेषा रुंदावतात. सर्वांत वरच्या पातळ्या तर नाहीशा होतात आणि त्यांच्या रेषा अखंड शोषणात मिसळतात. म्हणूनच श्वेत बटूंच्या वर्णपटात हायड्रोजनच्या रेषा फार रुंद, तर तशाच तापमानाच्या महाराक्षसी ताऱ्यांत अरुंद आढळतात.

इतिहास

खग्रास सूर्यग्रहणात चंद्राने दीप्तिगोल झाकताच काही क्षण त्याच्या लगतच्या थराचा स्वतःचा प्रकाश दिसतो आणि एरवी काळ्या असणाऱ्या अनेक रेषा तेजस्वी होतात. याला क्षणदीप्ती वर्णपट म्हणतात. २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणात पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी दादाभाई नायगमवाला यांनी सोलापूर जिल्ह्यातील जेऊर येथून त्याचे निरीक्षण केले. मेघनाद साहा यांनी १९२० मध्ये मांडलेल्या आयनीभवन समीकरणामुळे रेषांच्या तीव्रतेचा तापमान व दाबाशी असलेला संबंध स्पष्ट झाला.

तरी एक कोडे उरले होते. सूर्याच्या सुमारे ५,८०० केल्व्हिन तापमानात बहुतेक हायड्रोजन अणू सर्वांत खालच्या पातळीवर असतात; ते दृश्य प्रकाश शोषू शकत नाहीत. मग तो अडतो कशाने? १९३९ मध्ये रुपर्ट विल्ट यांनी हायड्रोजनच्या ऋण आयनाकडे लक्ष वेधले. या आयनात हायड्रोजन अणूला आणखी एक इलेक्ट्रॉन केवळ ०.७५ इलेक्ट्रॉनव्होल्ट ऊर्जेने बांधलेला असतो, त्यामुळे दृश्य प्रकाश त्याला सहज सोडवतो. हे जादा इलेक्ट्रॉन मुख्यतः मॅग्नेशियम, सिलिकॉन, लोह यांसारख्या मूलद्रव्यांकडून येतात. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांनी १९४० च्या दशकात या शोषणाचे सविस्तर गणित केले. कोट्यवधी अणूंमागे एखादाच असणारा हा आयन सूर्याच्या दृश्य पृष्ठभागाची जागा ठरवतो.